गाडीत मोबाईल सिग्नल बूस्टर बसवायचाय? मग आधी टपाकडे बघा, वायरिंग नंतर

बूस्टर लावला पण काडीचाही फरक पडला नाही, अशी तक्रार कोणी घेऊन आलं की मी पहिलं एकच विचारतो, बाहेरचा अँटेना कुठे लावलाय. उत्तर येतं "डॅशबोर्डवरच ठेवलाय, वर टपावर बरा दिसत नाही". झालं, पुढे बोलायलाच नको. मशीन कितीही भारी घ्या, गाडीतल्या बूस्टरचं पन्नास टक्क्यांपेक्षा जास्त नशीब दोन अँटेना कुठे बसवलेत आणि त्यांच्यामध्ये काय आहे यावर ठरतं, बाकीचं सगळं म्हणजे वायरी लपवणं, फ्यूज, लाईट कुठला लागतोय हे नंतरचं. म्हणून या लेखात मी मशीनपेक्षा अँटेनावर जास्त बोलणार आहे, कंटाळा आला तरी तो भाग सोडू नका.

आधी हे नेमकं करतं काय ते समजून घेऊ. टपावरचा अँटेना टॉवरचा सिग्नल पकडतो, केबलमधून तो सीटखालच्या डब्यात म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये जातो, तिथे मोठा होतो आणि आतल्या छोट्या अँटेनातून तुमच्या फोनपर्यंत येतो. फोन जे परत पाठवतो ते याच रस्त्याने उलटं जातं, मोठं होऊन टॉवरकडे. ही उलटी बाजू लोक विसरतात, पण कॉल तुटायचं कारण कितीतरी वेळा हेच असतं, की टॉवरचं आपल्याला ऐकू येतं पण आपल्या फोनचं टॉवरला ऐकू जात नाही. फोन जास्तीत जास्त साधारण २०० मिलीवॅट ताकदीने ओरडू शकतो आणि तेही चारी बाजूंनी पत्रा असलेल्या डब्यात बसून.

पण एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. बूस्टर रेंज तयार करत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. बाहेर टपावर थोडीफार तरी रेंज असेल तर ती तो आत आणून मोठी करून देईल, बाहेर ठणठणाट असेल तर आतही ठणठणाटच. घाटात खोल दरीत जिथे फोन गाडीबाहेर हातात धरूनसुद्धा नो सर्व्हिस दाखवतो तिथे बूस्टर म्हणजे नुसतं ओझं.

काड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडे बघा

स्क्रीनवरच्या काड्या प्रत्येक फोन आपल्या मर्जीने दाखवतो, एका फोनवर तीन काड्या म्हणजे दुसऱ्यावर दोन. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो आणि तो उणे असतो, त्यामुळे उणे ८० हा उणे ११० पेक्षा चांगला, इथे पहिल्यांदा सगळ्यांचाच गोंधळ होतो. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस असं गेलं की बहुतेक फोनवर दिसतो, काही फोनवर *#*#४६३६#*#* डायल केलं की उघडतो. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्ट येते, त्यात आरएसआरपी नावाचा आकडा शोधा, टॉवरच्या सिग्नलची ताकद म्हणजे तोच.

फोरजीला ढोबळमानाने उणे ८० च्या आसपास म्हणजे मस्त, उणे १०० म्हणजे चालतंय, उणे ११० च्या खाली रडतखडत, आणि उणे १२० च्या खाली गेलं की जवळजवळ काही नाहीच. बूस्टरचा खरा उपयोग मधल्या पट्ट्यात, म्हणजे बाहेर उणे १०० ते उणे ११५ वगैरे असताना. त्याच स्क्रीनवर एसआयएनआर असाही एक आकडा असतो, तो सिग्नल आणि गोंगाट यांच्यातला फरक सांगतो. आरएसआरपी बरा आणि एसआयएनआर शून्याच्या आसपास किंवा उणे, असं असेल तर बूस्टरने फार काही होणार नाही, कारण तो सिग्नलबरोबर गोंगाटही तेवढाच मोठा करतो. आणि टॉवरवर गर्दी असेल, काड्या फुल पण नेट ढिम्म, तर तो आजार वेगळा, त्यावर हे औषध नाही.

आता खरेदीच्या आधी एक फुकटची टेस्ट करा. ज्या रस्त्यावर त्रास होतो तिथे गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, फोन आत नेहमीच्या जागेवर ठेवून आकडा लिहा, मग बाहेर उतरून फोन टपाच्या उंचीवर धरा आणि आकडा लिहा. दोन्हीत १० डीबी, म्हणजे आकड्यात १० चा किंवा जास्त फरक असेल तर गाडीच सिग्नल खातेय. काही गाड्यांच्या काचांना उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, वरून लावलेल्या काही फिल्ममध्येही असतो, तो थर रेंज अडवतो. अशा वेळी फोन दुसऱ्या जागी ठेवून, फिल्म काढूनही कधी कधी काम भागतं आणि बूस्टरची गरजच राहत नाही.

कायदा, हे आधी बघा मगच पुढे जा

हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळ्यात आधी हाच. बूस्टर म्हणजे एक ट्रान्समीटर आहे, टॉवरच्या लायसनवाल्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा, त्यामुळे प्रत्येक देशाचे नियम वेगळे. भारतात तर सरळ मनाई आहे, लायसन असलेल्या टेलिकॉम कंपन्या सोडून इतर कोणीही बूस्टर किंवा रिपीटर (बूस्टरचंच दुसरं नाव) बाळगणं, विकणं, वापरणं बेकायदेशीर आहे आणि दूरसंचार विभागाने २०२२ मध्ये हे पुन्हा जाहीरपणे सांगितलंय. ऑनलाइन मिळतो म्हणजे चालतो असं नाही. अमेरिकेत एफसीसीने, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाने, २०१३ मध्ये नियम केले, १ मार्च २०१४ पासून त्या नियमात बसणारेच ग्राहक बूस्टर विकता येतात, आणि वापरण्याआधी ते आपल्या मोबाईल कंपनीकडे रजिस्टर करायचे, कंपनीची संमती लागते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या नियामकाने २०१८ पासून ठरावीक अटी पाळणाऱ्या, कमी गेनच्या (गेन म्हणजे मशीन सिग्नल किती पट मोठा करतं ते) गाडीतल्या रिपीटरना लायसनशिवाय परवानगी दिली. तुम्ही जिथे गाडी चालवता तिथला नियम बघा, आणि सीमा ओलांडून गाडी नेत असाल तर पलीकडचा पण बघा.

नियम एवढे कडक का, याचं कारण कळलं की चिडचिड कमी होते. चुकीचा बूस्टर गोंगाट मोठा करून टॉवरकडे फेकतो, त्या टॉवरला मग त्या भागातल्या बाकी फोनचा हळू आवाज ऐकूच येत नाही, म्हणजे तुमच्या एका गाडीमुळे आजूबाजूच्या लोकांचे कॉल तुटतात, त्यात कोणाचा तरी ॲम्ब्युलन्सला केलेला कॉल पण असू शकतो. म्हणून मान्यता असलेल्या मशीनमध्ये गेन आपोआप कमी करणारं आणि गडबड झाली की स्वतःला बंद करणारं सर्किट असतं. बिननावाच्या स्वस्तातल्या डब्यात ते असेल याची खात्री नाही.

यापुढचं सगळं, जिथे हे वापरायला परवानगी आहे तिथल्यासाठी समजा.

कुठला घ्यायचा

दोन प्रकार. एक पाळणावाला, म्हणजे फोन होल्डरमध्येच आतला अँटेना असतो, फोन त्यात ठेवला की चालतं, एका वेळी एकच फोन. दुसरा आतला अँटेना वेगळा असलेला, त्याच्या जवळपास असतील ते दोन-तीन फोन चालतात. अमेरिकी नियमात सगळ्या कंपन्यांना चालणाऱ्या गाडीतल्या बूस्टरला पाळणावाला असेल तर २३ डीबी आणि वेगळ्या अँटेनावाला असेल तर ५० डीबी एवढीच गेनची मर्यादा आहे. ५० डीबी ऐकायला छोटं वाटतं पण डीबीचा हिशोब पटीत असतो, ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट आणि ५० डीबी म्हणजे एक लाख पट. एकटाच गाडी चालवत असाल तर पाळणावाला घ्या असं माझं मत, फोन एकदम अँटेनाला चिकटून असतो, बसवणं सोपं, भानगडी कमी.

बँड, म्हणजे कंपनी वापरते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा, नक्की तपासा. तुमची कंपनी ज्या भागात तुम्ही फिरता तिथे कुठल्या बँडवर चालते ते त्याच फील्ड टेस्टमध्ये दिसतं, आणि तो बँड बूस्टरच्या यादीत हवा. ८५०, ९००, १८०० हे बँड वेगळे आणि २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झवाले वेगळे, या दुसऱ्या प्रकारात पाठवणं आणि घेणं एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने होतं, त्यामुळे साध्या बूस्टरला ते जमत नाही. फाइव्हजी लिहिलंय म्हणून भुलू नका, कुठले बँड ते विचारा.

आणखी एक, जे डब्यावर कोणी लिहीत नाही. आजचे फोन दोन किंवा चार अँटेना वापरून एकाच वेळी वेगवेगळे प्रवाह घेतात, त्याला मायमो म्हणतात, स्पीड त्यातून येतो. गाडीतला बूस्टर बहुतेक वेळा एकाच अँटेनाने चालतो, त्यामुळे रेंज वाढली तरी स्पीड तेवढा वाढेलच असं नाही. कॉल टिकवण्यासाठी बूस्टर उत्तम, पण गाडीत बसून लॅपटॉपवर काम करायचं असेल तर टपावर दोन अँटेनावाला गाडीतला राउटर जास्त बरा पडतो, आणि तो स्वतः एक फोनसारखंच काम करत असल्याने बूस्टरच्या कायद्याची कटकटही तिथे नसते.

टप आणि तो पत्रा, सगळा खेळ इथेच

सभागृहात माईक स्पीकरच्या समोर नेला की कशी कुईंऽऽ करून शिट्टी वाजते. बूस्टरमध्ये अगदी हेच होतं. आतल्या अँटेनातून निघालेला मोठा झालेला सिग्नल बाहेरच्या अँटेनाने परत पकडला की तो पुन्हा मोठा होतो, पुन्हा आत, पुन्हा बाहेर, आणि मशीन शिट्टी मारायला लागतं, फक्त ती आपल्याला ऐकू येत नाही, टॉवरला येते. मग मशीन एकतर गेन खाली आणतं म्हणजे ५० डीबीचं २० डीबी करून बसतं, नाहीतर लाल लाईट लावून बंद पडतं. "लावला पण फरक नाही" याच्या मागे मी बघितलेली सगळ्यात जास्त कारणं हीच.

यावर इलाज म्हणजे दोन अँटेनांच्या मध्ये अडथळा, आणि गाडीत देवाने दिलेला अडथळा म्हणजे टपाचा पत्रा. बाहेरचा टपाच्या वर, आतला टपाच्या खाली आणि शक्य तेवढा खाली. नियम असा की दोघांमध्ये जेवढी गळती अडते ती मशीनच्या गेनपेक्षा बऱ्यापैकी जास्त हवी.

पत्र्याचं दुसरंही काम आहे. चुंबकाने चिकटणारा छोटा उभा अँटेना हा अर्धाच अँटेना असतो, उरलेला अर्धा म्हणजे खालचा पत्रा. ८५० मेगाहर्ट्झची लाट साधारण ३५ सेंटीमीटर लांब, तिचा पाव म्हणजे जवळपास ९ सेंटीमीटर, निदान एवढा पत्रा तरी अँटेनाच्या सगळ्या बाजूंनी लागतो आणि जास्त असेल तर आणखी बरं. म्हणून टपाच्या मधोमध. काचा, सनरूफ, आणि गाडीचा स्वतःचा रेडिओ-जीपीएसचा अँटेना यांच्यापासून ३० सेंटीमीटर तरी लांब. कॅरिअर असेल तर त्याच्या दांड्यांपासूनही लांब आणि सामानाच्या खाली तर नकोच. अँटेना उभा सरळ राहिला पाहिजे, आडवा करून चिकटवला तर रेंज जाते.

टप पूर्ण काचेचा असेल तर अवघड आहे. साधी काच सिग्नल अडवत नाही, त्यामुळे वर-खाली ठेवून काही उपयोग नाही, अशा गाडीत मागच्या कडेला पत्र्याची पट्टी शिल्लक असेल तिथे अँटेना आणि आत पाळणावाला कमी गेनचा, एवढंच मी सुचवेन. ॲल्युमिनियमच्या टपाला चुंबक चिकटत नाही पण पत्र्याचं काम तो करतो, तिथे क्लॅम्प किंवा चिकटपट्टीवाला माउंट. फायबरचा टप असेल, काही मोठ्या प्रवासी गाड्यांना असतो, तर खाली पत्रा लागत नाही असा अँटेना मागा, नाहीतर लोखंडी पत्र्याचा तुकडा बसवून त्यावर चुंबक ठेवतात.

बसवायचा क्रम

१) आधी काहीही फिक्स करू नका. सगळं नुसतं ठेवून, वायरी मोकळ्या सोडून, गाडी उभी असताना चालवून बघा. मी पहिल्यांदा उत्साहात सगळ्या वायरी ट्रिमच्या आत दाबून, पट्ट्या बांधून, दोन तास घालवून मग चालू केलं आणि लाल लाईट. सगळं परत उसकटलं. तेव्हापासून आधी टेस्ट मग सजावट.

२) टप ओल्या कपड्याने पुसून कोरडा करा. चुंबकाखाली धुळीचा एक कण राहिला तरी रंगावर गोल चरे उठतात.

३) अँटेना मधोमध ठेवा, केबल मागच्या दाराकडे किंवा डिकीकडे न्या आणि दाराच्या रबरी बीडिंगखालून आत घ्या. दार लावताना केबल चेपायला नको, रबर मऊ असतं पण बिजागरीच्या बाजूला आणि लॉकपाशी पत्रा पत्र्यावर येतो, तिथे केबल ठेचली जाते. आत शिरण्याआधी केबलला थोडा झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळत आत न येता झोळाच्या टोकाला गळून पडेल. हा झोळ न दिल्यामुळे लोकांचे गालिचे भिजलेले आहेत.

४) आता एअरबॅग. हे हसण्यावारी नेऊ नका. पुढच्या खांबांच्या प्लास्टिकमागे आणि दारांच्या वर टपाच्या कडेने बऱ्याच गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात, सीटच्या बाजूच्या शिवणीतही असतात. त्यांच्यावरून केबल नेली तर एअरबॅग उघडताना अडकते किंवा केबल फटक्यासारखी तोंडावर येते. केबल बीडिंगमधून सरळ खाली उंबरठ्याच्या पट्टीत उतरवा आणि तिथून सीटखाली. कुठेही पिवळं कनेक्टर किंवा पिवळं वेष्टण असलेली वायर दिसली की ती बहुतेक एअरबॅगची, हात लावायचा नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये एअरबॅग कुठे कुठे आहेत त्याचं चित्र असतं, ते उघडून समोर ठेवा.

५) डबा सीटखाली, सपाट, गालिच्यावर. गालिच्याच्या खाली नाही, कारण तो गरम होतो आणि त्याला हवा लागते. मागच्या लोकांच्या पायाशी गरम हवा सोडणारी झडप तिथे असेल तर जागा बदला. मग सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, वर-खाली करून बघा, रुळात काही अडकत नाही ना. बरेच जण नेमकं हेच करत नाहीत आणि आठवड्याभरात केबल कापली जाते.

६) आतला अँटेना. डॅशबोर्डवर ठेवायचा मोह होतो, पण तिथून पुढच्या काचेतून सिग्नल सहज वर टपाकडे जातो, शिवाय समोरच्या प्रवाशाची एअरबॅग त्याच डॅशबोर्डमधून उघडते, तिच्यावर चिकटवलेली कुठलीही वस्तू म्हणजे गोफणगुंडा. सीटच्या बाजूला किंवा दोन सीटच्या मधल्या खोक्याला वेल्क्रोने लावा, तोंड फोनकडे, पाठ टपाकडे. माणसापासून २० सेंटीमीटर अंतर दोन्ही अँटेनांना ठेवायचं, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बूस्टरवर ही सूचना छापलेलीच असते. म्हणजे मांडीला चिकटून नको, लहान मुलाच्या सीटला लागून तर नकोच.

७) उरलेली केबल. बारीक केबल मीटरमागे ९०० मेगाहर्ट्झला जवळपास १ डीबी खाते, म्हणजे तीन मीटरमध्ये निम्मी ताकद गेली, म्हणून वर एक्सटेन्शन जोडून लांबी वाढवू नका. पण कारखान्यातून जोडून आलेली केबल कापून छोटी करायच्या भानगडीतही पडू नका. मोठे सैल वेटोळे करून ठेवा, कोपऱ्यात कचकन दुमडू नका. बाहेरच्या आणि आतल्या अँटेनाच्या केबल एकत्र बांधून ठेवू नका, थोड्या अंतरावर.

८) कनेक्टर हाताने घट्ट, पक्कड नको. पहिले दोन्ही अँटेना जोडायचे आणि सगळ्यात शेवटी पॉवर. अँटेना न जोडता चालू केलं तर मशीन खराब होऊ शकतं. काढताना उलटं, पहिली पॉवर बंद.

पॉवर

लायटर सॉकेटचा अडॅप्टर सोबत येतो, तोच वापरा, दुसऱ्या कुठल्यातरी चार्जरची पिन बसते म्हणून लावू नका, व्होल्टेज वेगळं असतं. ट्रक किंवा बस असेल तर २४ व्होल्ट असतं, अडॅप्टरवर १२-२४ लिहिलंय का बघा.

गाडी बंद केल्यावर सॉकेट बंद होतं का ते तपासा, सगळ्या गाड्यांत होत नाही. हिशोब सोपा आहे, बूस्टरने १ अँपिअर घेतला तर दहा तासांत १० अँपिअर-तास गेले, बॅटरी ४५ ची असेल तर दोन रात्रींत गाडी स्टार्ट व्हायची मारामार.

कायमचं वायरिंग करायचं असेल तर, म्हणजे सॉकेट मोकळं ठेवायचं असेल तर, फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर काढून देणारा जोड) घेऊन किल्ली फिरवल्यावरच चालू होणाऱ्या जागेवर जोडा, मल्टिमीटरने खात्री करा. बॅटरीचं उणे टर्मिनल आधी काढा. एअरबॅग, ब्रेक, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजवरून पॉवर घ्यायची नाही, रेडिओ किंवा सॉकेटचा फ्यूज बरा. नवीन फ्यूज किती अँपिअरचा ते बूस्टरच्या मॅन्युअलमध्ये असतं, "उडतोय म्हणून मोठा टाकला" हा गाडी पेटवायचा रस्ता आहे. थेट बॅटरीवरून वायर आणणार असाल तर फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा आणि इंजिनच्या पत्र्यातून वायर आत घेताना रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर पत्र्याची धार वायर सोलते. अर्थिंग बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टवर. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारिंगी रंगाच्या केबल दिसल्या की तिथून मागे फिरायचं, तो हाय व्होल्टेजचा भाग आहे. यातलं काही वाचून घाम फुटला असेल तर हा एवढा भाग ऑटो इलेक्ट्रिशियनला द्या, बाकी सगळं तुम्ही करू शकता.

टेस्ट

गाडी सुरू करा, बूस्टर अजून बंद. फोनचं वायफाय बंद, दोन सिम असतील तर कुठल्या सिमचा आकडा बघताय ते पक्कं करा. फोन ज्या जागी राहणार तिथे ठेवा आणि चार-पाच वेळा आकडा लिहा, एकदाच लिहून चालत नाही कारण काही न करता पण तो ५ डीबीने वरखाली होतो. मग बूस्टर चालू, फोन एरोप्लेन मोडवर टाकून दहा सेकंदांनी काढा, एक मिनिट थांबा, परत चार-पाच आकडे. १० डीबीच्या वर सुधारणा म्हणजे चांगलं काम झालं. अपलोड स्पीड पण बघा, बऱ्याचदा डाउनलोडपेक्षा तिथेच फरक जास्त दिसतो. ही टेस्ट कमी रेंजच्या ठिकाणीच करा, टॉवरच्या शेजारी उभं राहून केली तर बूस्टर स्वतःच गेन कमी करतो आणि तुम्हाला वाटतं पैसे वाया गेले.

लाल किंवा केशरी लाईट लागला, रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा तेव्हा मॅन्युअल बघा, तर आधी गाडी थोडी दुसरीकडे नेऊन बघा. लाईट गेला तर तुम्ही टॉवरच्या फार जवळ होता, काही बिघडलेलं नाही. कुठेही नेलं तरी लाल, तर शिट्टीच वाजतेय. आतला अँटेना आणखी खाली न्या, तोंड फिरवून बघा, दोन्ही केबल एकमेकींपासून लांब ठेवा, बाहेरचा टपाच्या जास्त मध्ये सरकवा. प्रत्येक वेळी एकच बदल आणि पॉवर बंद करून पुन्हा चालू, सगळं एकदम हलवलं तर कशाने सुधारलं ते कळणार नाही. लाईट हिरवा पण आकडा ढिम्म, तर कनेक्टर सैल आहे का, केबल कुठे चेपलीय का, आणि फोन ज्या बँडवर आहे तो बूस्टरला येतो का, हे तीन बघा.

रोजच्या वापरात

आतल्या अँटेनाचा पल्ला अगदी छोटा असतो, कमी रेंजच्या भागात हातभर अंतर, बस. फोन खिशात ठेवून बूस्टरला शिव्या घालू नका. फोन अँटेनापाशी ठेवून गाडीच्या ब्लूटूथवर बोला, कानाला लावला की फोन लांब जातो आणि मध्ये आपलं डोकं येतं, आणि चालवताना हातात फोन तसाही नकोच. मागे चार जणांना नेट हवं असेल तर एक युक्ती आहे, एक फोन अँटेनाला लागून ठेवा आणि त्याचा हॉटस्पॉट सगळ्यांना द्या, चौघांनी आपापला फोन अँटेनाजवळ आणायची धडपड करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. दुसरा फायदा असा की फोनला टॉवर जवळ असल्यासारखं वाटतं, तो हळू आवाजात बोलतो, म्हणून लांबच्या प्रवासात बॅटरी जास्त टिकते आणि फोन कमी तापतो.

इमर्जन्सी कॉलबद्दल एक गोष्ट गाडीतल्या सगळ्यांना सांगून ठेवा. बूस्टरमधून गेलेल्या कॉलचं लोकेशन मदत केंद्राला चुकीचं दिसू शकतं किंवा दिसणारच नाही. त्यामुळे कॉल लागला की पहिल्या वाक्यात जागा तोंडी सांगायची, रस्ता कुठला, कुठल्या दिशेला चाललोय, कितवा किलोमीटरचा दगड, जवळची खूण काय.

मोबाईल कंपनीने किंवा सरकारी खात्याने त्रास होतोय म्हणून बंद करा सांगितलं तर वाद न घालता लगेच बंद करा. भरपूर रेंज असलेल्या भागात तसाही बंद ठेवला तरी चालतो.

कमी उंचीच्या पार्किंगमध्ये शिरताना टपावर अँटेना आहे हे आठवायला हवं, आणि ब्रशवाल्या वॉशिंगला गाडी देताना तो काढूनच द्या, ब्रशात केबल गुंडाळली गेली की अँटेना पत्र्यावर आपटत राहतो. महिन्यातून एकदा चुंबक सरळ वर उचलून, सरकवत नाही, त्याच्या खाली साचलेली लोखंडी धूळ पुसा, चुंबक ब्रेकची काळी भुकटी ओढून घेतं आणि तीच टपाचा रंग खाते. केबलचं रबर उन्हाने चिरलंय का ते पण त्याच वेळी बघून घ्या, पावसाळ्याच्या आधी तर नक्कीच, चिरेतून पाणी केबलमध्ये गेलं की रेंज रोज थोडी थोडी कमी होत जाते आणि दोष मात्र मशीनला मिळतो.